म्हातारा पाऊस

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूर शहरात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका आईनं लिहिलंय. मुलगी साडेचार वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनियर केजीत आहे. जुलैअखेरच्या पालकसभेत बाईंनी सांगितलं, की मुलीचा शब्दसंग्रह कमी पडतोय आणि ती पूर्ण वाक्यात उत्तर देत नाही. त्याच आठवड्यात वर्गात पावसाचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारल्यावर ती म्हणाली होती, ‘म्हातारा पाऊस हाय.’ सगळा वर्ग हसला. तेव्हापासून वर्गात ती जेवढ्यास तेवढंच बोलते. घरी मात्र आज्जीबरोबर तिची टकळी दिवसभर चालू असते. आईनं मोबाईलवर शोधून ‘ऋतूनुसार भाषा-उपक्रम’ असा बारा महिन्यांचा तक्ता केलाय. जुलैत कापसाचे ढग चिकटवायचे, ऑक्टोबरात गळलेली लाल-पिवळी पानं गोळा करायची, डिसेंबरात कापसाचा बर्फ. सोबत चित्रांची कार्डं आहेत. दर रविवारी आई ते घेऊन बसते आणि पाचव्या मिनिटाला मुलगी उठून आज्जीकडे पळते. सासूबाई पन्हाळा तालुक्यातल्या, बोलणं पक्कं गावाकडचं. आईचे प्रश्न: मुलगी खरंच मागं आहे का? सासूबाईंना ‘शुद्ध’ बोलायला सांगावं का? घरात इंग्रजीच सुरू करावं का? आणि तक्त्याचं कुठं चुकतंय?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी ‘म्हातारा पाऊस’पाशीच थांबले. बराच वेळ पुढं जाता येईना. तुम्ही ते वाक्य खूप संकोचून लिहिलंय, मुलीची चूक कबूल केल्यासारखं. म्हणून आधी तेच बघू.

आपल्याकडची शेतकरी माणसं पाऊस नक्षत्रांवर मोजतात. मिरगाचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. पुढं पुनर्वसूचा येतो तो तरणा पाऊस आणि त्याच्या मागून, साधारण 20 जुलैच्या सुमाराला, पुष्याचा येतो तो म्हातारा. म्हणजे बाईंनी चित्र दाखवलं त्या दिवसांत खिडकीबाहेर खरोखरच म्हातारा पाऊस पडत होता, आणि वर्गात ते एकट्या तुमच्या मुलीला माहीत होतं. वाक्य म्हणून बघितलं तरी त्यात काही उणं नाही: कसला पाऊस, तर म्हातारा, आणि ‘हाय’ हे क्रियापदही जागच्या जागी आहे. शिवाय पावसाला वय असू शकतं ही कल्पना साडेचार वर्षांच्या डोक्यात बसलीय, आणि ती योग्य वेळी बाहेर आलीय. मुलांबरोबर मी खूप वर्षं काढली. असं वाक्य मिळालं तर मी ते फळ्यावर लिहून ठेवलं असतं.

तेव्हा हे उत्तर वाचून संपलं, की कार्डं, तक्ता सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिला जवळ घेऊन सांगा, ‘तू बरोबर बोलली होतीस. मी आज्जीला विचारलं, खरंच म्हातारा पाऊस होता.’ वर्ग हसला त्या दिवशी तिनं काय ठरवलं असेल याचा विचार करा. आज्जीच्या तोंडचं शाळेत बोलायचं नसतं, एवढं तिला कळलं. बाकीचं अजून तिला येत नाही, म्हणून ती गप्प आहे. गप्प बसलेल्या मुलाला शब्द येत नाहीत असं आपण फार पटकन धरून चालतो.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला ती मागं वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी स्पष्ट सांगते, कारण काही वेळा थांबणं महागात पडतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तीन वर्षांच्या मुलाचं बहुतेक बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान वारंवार फुटत असेल, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात नाहीसे व्हायला लागले, तर उपक्रम वगैरे नंतर. आधी कानाच्या डॉक्टरांकडून ऐकणं तपासून घ्या आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटा. ‘आमच्यातली सगळी उशिराच बोलतात’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या काही घरांचं मोलाचं वर्ष वाया गेलेलं पाहिलंय. तुमच्या मुलीचंही, शाळेत तोंडच न उघडणं महिनोन् महिने चाललं तर दाखवून घ्या.

आता तक्ता. ताई, ऑक्टोबरात कोल्हापुरात लाल-पिवळी पानं कुठून आणणार होता? त्या दिवसांत आपल्याकडे शिवार हिरवंगार असतं, भातं पिकायला आलेली असतात, आणि दुपारचं ऊन अंग भाजून काढतं. पानगळ बघायची तर फाल्गुनात बघावी लागते. डिसेंबरातला बर्फ कुणा दुसऱ्याच्या देशातला आहे. मुलीला खिडकीतून एक ऋतू दिसतो आणि टेबलावर दुसराच ठेवलेला असतो. उठून पळाली तर तिचं काय चुकलं? जुलैतल्या ढगांचंही तेच. बाहेर आभाळ काळंभोर फाटलंय आणि आपण पांढरा कापूस चिकटवतोय.

पण महिने दुरुस्त केले तरी एक गोष्ट उरते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही धरून चाललाय, की भाषा म्हणजे नावं. ढग, छत्री, बेडूक, इंद्रधनुष्य. कार्डावर चित्र काढता येतं ते फक्त नावाचं. ‘निथळणं’ याचं कार्ड कसं काढाल? ‘पाखडणं’, ‘उकलणं’, ‘ओसरणं’, ‘मुरणं’, ‘कोमेजणं’? ही क्रियापदं मुलाला कामातून मिळतात, काम चालू असताना. आणि वाक्य उभं राहतं ते क्रियापदावर. शिवाय ‘हे काय?’ हा प्रश्न मुलांना चांगलाच ओळखू येतो. विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे, म्हणजे ही परीक्षा. आज्जी असं विचारत नसणार. आज्जी म्हणत असेल, ‘त्या कोपऱ्यातली चादर वाळली का बघ गं, का दमटच हाय अजून?’ आज्जीला ते खरंच जाणून घ्यायचं असतं. मग मुलगी जाऊन हात लावते आणि येऊन सांगते, ‘कडंला वाळलीया, मधी गार लागतंय.’ सगळी भाषा इथं होते. रविवारचा तास त्यासाठी लागत नाही.

तर सध्या पाऊस आहे, पावसाचंच करू. घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे हा जुलै-ऑगस्टातला सगळ्यात चांगला उपक्रम आहे, आणि तो रोज होतो. झटकणं, पिळणं, पसरणं, उलटं-सुलटं करणं, चिमटा लावणं. तिला खरं काम द्या, खोटं नको. पागोळ्यांखाली पातेलं ठेवा आणि आवाज ऐका. रिकाम्या पातेल्यात कसा येतो, अर्ध्या भरल्यावर कसा बदलतो. तिला शब्द सुचला नाही तर ती आवाज काढून दाखवेल, तो चालेल. पाऊस रोज एकसारखा नसतो, तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही तिघींनी मिळून ठरवायचं, आज कसला होता: भुरभुर, रिपरिप, सरीवर सर, झड, की दिवसभर उघडीप? आज्जीकडे यापेक्षा जास्त शब्द असणार. वाद झाला तर उत्तमच, कारण ‘झड नव्हती, मध्ये थांबला होता’ हे म्हणायला मुलाला आठवावं लागतं, कारण द्यावं लागतं.

आणि आपल्या गावात पावसाळ्यात प्रत्येक घरात एक प्रश्न असतोच: ‘किती फूट?’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कागदाची एक उभी पट्टी भिंतीला लावा, दर फुटाला एक रेघ, 39 ला पिवळी, 43 ला लाल. रोज संध्याकाळी बातमीत पातळी कळली की तिनं तिथवर निळा रंग भरायचा. चढलं, उतरलं, ओसरायला लागलं, तसंच आहे, कालच्यापेक्षा दोन फुटांनी वाढलं, बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला. ‘कालच्यापेक्षा’, ‘अजून’, ‘पर्यंत’ हे शब्द चित्रांच्या कार्डात कधी येत नाहीत, आणि गणितही पुढं यांच्यावरच उभं राहतं. मात्र ज्या घरात 2019 किंवा 2021 ला पाणी शिरलंय, त्यांनी हे करू नये. त्या घरातली मोठी माणसं ती पातळी ऐकताना अजून घाबरतात, आणि मुलाला शब्दाआधी ती भीती कळते.

गौरी-गणपती आता फार लांब नाहीत. त्याबद्दल मी थोडंच सांगते, कारण ते तुमच्या घरात होणारच आहे. गौर आत घेताना दारात जे सवाल-जवाब होतात, ‘कोण आली?’ ‘गौर आली!’ ‘कशाच्या पावलानं आली?’ ‘सोन्याच्या पावलानं आली!’, त्यात या वर्षी जवाब देण्याचं काम तुमच्या मुलीकडे द्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, प्रत्येक खोलीत तेच वाक्य, फक्त पावलं बदलायची: रुप्याच्या, हळदीकुंकवाच्या. वाक्याचा सांगाडा तोच ठेवून एक शब्द बदलणं हा भाषेचा फार जुना आणि फार पक्का सराव आहे, आणि तो आपल्या दारात आयता आहे. वर्गात गप्प बसणारी मुलंही तिथं मोठ्यानं बोलतात, कारण पुढचं वाक्य काय आहे हे त्यांना ठाऊक असतं.

दिवाळीचा किल्ला तुम्ही करतच असाल. नसाल तर या वर्षी करा, आणि विकतचा नको.

थंडीतल्या गुऱ्हाळाबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय. एका वर्षी आमच्या बालवाडीची अठरा पोरं घेऊन आम्ही शहराजवळच्याच एका गुऱ्हाळावर गेलो होतो. मुलांना लांब बाकड्यावर बसवलं होतं, कारण काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, लहान मुलाला अजिबात नेऊ नये. चुलवाणात चिपाडं सारली जात होती, काहिलीतला रस उकळून वर यायचा, मळी काढली जायची. गुळव्या एकटक पाकाकडे बघत उभा होता. त्यानं पाण्याच्या भांड्यात पाकाचा एक थेंब सोडला, आत बोटं घालून त्याची गोळी वळली, आणि म्हणाला, ‘आला.’ लगेच धावपळ, काहील उतरवली. आमच्यातली एक चार वर्षांची मुलगी उठून उभी राहिली, दाराकडे बघायला लागली आणि म्हणाली, ‘कोण आला?’

गुळव्यानं हातातलं काम न थांबवता तिला सांगितलं, ‘पाक आला, बाळ.’ पुढं साच्यातून गुळाची ढेप निघाली, आणि तो ‘रवा उचला’ म्हणाला, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, ‘रव्याचा तर शिरा करत्यात.’ आम्ही कुणी हसलो नाही. गुळाच्या ढेपेलाही रवा म्हणतात, हे तिला गुळव्यानंच सांगितलं. एकाच सकाळी तिला कळलं, की एक शब्द दोन गोष्टींचा असतो, आणि ‘येणं’ म्हणजे दरवेळी पायानं चालत येणं नव्हे. पुढच्या आठवड्यात वर्गात आम्ही खिचडी शिजवत होतो. तिनं भाताचं शीत दोन बोटांत दाबलं, अगदी त्या गुळव्यासारखी मान तिरकी केली, आणि म्हणाली, ‘आला.’

तिला हे शिकवायचं म्हणून आम्ही काहीच केलं नव्हतं. आम्ही दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली, परतल्यावर त्याच दिवशी गोष्ट सांगून घेतली, आणि ती अशा माणसाला, जो तिथं आलेला नव्हता. आमच्या मदतनीस मावशी त्या दिवशी शाळेतच थांबल्या होत्या. मुलांना त्यांना सगळं सांगावं लागलं. समोर असलेल्या वस्तूबद्दल बोलताना बोट दाखवून भागतं, ‘ते बघ, तिकडं’ म्हणून चालतं. समोर नसलेल्याबद्दल बोलताना आधी काय झालं, मग काय, कुणी केलं, कशानं केलं, हे सगळं शब्दांतच आणावं लागतं. पुढं वाचन-लेखनात नेमकं हेच करायचं असतं. तुमच्या घरी यासाठी बाबा आहेत, फोनवर मामा-मावशी आहेत. फक्त एक पाळा: तुम्ही दोघी गावाहून आलात, तर बाबांना आधीच फोनवर सगळं सांगून टाकू नका. त्यांना खरंच काही माहीत नसू दे.

दुसरी गोष्ट वहीची. साधी शंभर पानी वही घ्या. तिनं एका पानावर चित्र काढायचं, आणि ती सांगेल ते वाक्य तुम्ही समोर लिहायचं. तिचेच शब्द, ‘हाय’ असेल तर ‘हाय’. मग बोट फिरवत तिला ते वाचून दाखवायचं. आपण बोललो ते कागदावर राहतं आणि दुसऱ्याला तसंच्या तसं वाचता येतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पुढच्या वर्षी पुष्य लागलं की तीच वही काढा. गेल्या वर्षीचं वाक्य ऐकून ती स्वतःच म्हणेल, ‘मी लहान होते तेव्हा असं म्हणत होते.’ ऋतू परत येतो, तोच कार्यक्रम परत होतो, आणि मूल मात्र वर्षानं मोठं झालेलं असतं. म्हणून दर रविवारी नवं काहीतरी शोधायच्या मागं लागू नका. तेच ते पुन्हा होऊ द्या.

बोलताना तुमच्याकडून दोनच सवयी हव्यात. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजा. आपण मोठी माणसं दुसऱ्याच क्षणी स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. आणि तिनं वाक्य टाकलं, की ते थोडं वाढवून परत द्या. ती म्हणाली ‘चिखल लागला’, तर ‘हो की, पोटरीपर्यंत चिखल लागलाय, आता सुकून कडक व्हायला लागलाय.’ चूक काढायची नाही, फक्त परत द्यायचं.

हेच बोलीलाही लागू. सासूबाईंना ‘शुद्ध’ बोला असं कृपा करून सांगू नका. दोन गोष्टी होतील: त्या दुखावतील, आणि कमी बोलतील. म्हणजे मुलीशी दिवसभर बोलणारं घरातलं एकमेव माणूस आपण गप्प करू. आपल्याकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतच मोठ्या झाल्या, आणि पुढं वकील झाल्या, शिक्षिका झाल्या, भाषणं करतात. कुणाशी कसं बोलायचं हे मुलांना फार लवकर उमगतं. चार वर्षांचं मूलसुद्धा पाळण्यातल्या बाळाशी वेगळं, आखूड वाक्यांत बोलतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या बोलण्यात बोला, आज्जी त्यांच्या बोलण्यात बोलू देत. तिनं विचारलंच तर सांगा, ‘आज्जी हाय म्हणते, बाई आहे म्हणतात, दोन्ही एकच.’ एवढं पुरे.

इंग्रजीचं म्हणाल, तर दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मागं पडत नाही, ती भीती सोडा. पण घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलंत, तर तुम्ही तिच्याशी काय बोलाल ते प्रामाणिकपणे डोळ्यांसमोर आणा. ‘हात धू, लवकर ये, छान, बस्स.’ रागावणं, समजावणं, आठवणी सांगणं, लाड करणं हे सगळं तुमचं मराठीत आहे. ते काढून घेतलं तर भाषा पातळ होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, जिथं शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी, असं म्हटलंय. शाळा तुम्ही निवडलीय, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. रोज झोपताना एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचा, गप्पा मराठीत मारल्या तरी चालतील. इंग्रजी यावं म्हणून मोबाईलवर तासन् तास गाणी लावून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, की या वयात दिवसभरात मिळून स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं.

आणि बाईंना एकदा भेटा. भांडायला जाऊ नका, म्हातारा पाऊस म्हणजे काय ते सांगायला जा. वर्गात तीस मुलं सांभाळताना प्रत्येक घरची भाषा कुणालाच माहीत नसते. जमलं तर पावसाच्या गप्पांना एक दिवस आज्जीला वर्गात बोलावता येईल का, असं विचारा. बाईंनी सगळ्यांसमोर ‘अरे वा, हे मला नव्हतं माहीत’ एवढं म्हटलं, तर तिचा आवाज परत यायला फार दिवस लागायचे नाहीत, असं मला वाटतं.

ज्यांना गाव नाही, आज्जी जवळ नाही, त्यांची पत्रंही माझ्याकडे येतात. त्यांना मी मंडई सांगते. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीला मुलाला घेऊन जा, पण घाईच्या वेळी नको. श्रावणात रानभाज्या घेऊन बसलेल्या मावशींना मुलानंच विचारायचं: ही कशी करायची? त्या आनंदानं सांगतात. घरी येऊन ती कृती मुलाकडून ऐकायची आणि तो सांगेल तशी करायची. तो मीठ विसरला तर भाजी अळणी होऊ द्या, पुढच्या वेळी ‘मीठ घालायचं’ हे तोच आधी सांगेल. उन्हाळ्यात चटणीचं, म्हणजे मसाल्याच्या तिखटाचं, आहेच. मिरच्यांना मुलांचे हात लावू नका, पण धणे निवडायला, खोबऱ्याचे काप मोजायला, डंखावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, पोचवायला ती हवीत. तिथला वास आणि तो दणदणाट यावर आठवडाभर बोलणं पुरतं.

सासूबाईंना तुमच्या तक्त्याबद्दल विचारा, ताई. त्यांच्या डोक्यात बारा महिन्यांचा एक तक्ता पाठच असणार, आणि तो इथल्याच मातीतला असेल. ऑगस्टच्या मध्यावर मघा लागतील, महिनाअखेरीला पूर्वा. त्या दोन पावसांनाही नावं आहेत. मुलीला ती तुम्ही सांगू नका, आज्जीला विचारायला पाठवा. ती धावत येऊन सांगेल, की हा सासूंचा पाऊस आणि त्याच्यानंतरचा सुनांचा. तेव्हा फक्त ‘असं का गं?’ एवढं विचारा, आणि मनात पाचपर्यंत मोजा.